टॅबचा फोटो नको, मजकूर द्या

गिटार क्लासचा कुठलाही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडून बघा. डॅशच्या सहा आडव्या ओळी, त्यांत पेरलेले आकडे, म्हणजेच टॅब, आणि खाली कुणीतरी विचारलेलं असतं, "सर, हे नेमकं कसं वाजवायचं?" पाठवणाऱ्याच्या संगणकावर ते आकडे एकाखाली एक नीट बसलेले होते. फोनवर आल्यावर अक्षरांची रुंदी बदलते, ओळ मध्येच तुटते आणि दुसऱ्या तारेवरचा तीन तिसऱ्या तारेच्या पाचावर जाऊन बसतो. मग कुणीतरी ते वहीत उतरवून फोटो टाकतं. पुढच्या बॅचला त्या फोटोचा स्क्रीनशॉट जातो. एखाद्या बारमध्ये आकडा चुकला असेल तर ती चूकही बॅचमागून बॅच पुढे सरकत राहते, कारण फोटोत दुरुस्ती करायची सोय नसते.

गिटार शिकणाऱ्यांना, शिकवणाऱ्यांना आणि घरात कुणी शिकत असेल तर त्यांच्या आईवडिलांनाही माझी विनंती एकच आहे. यापुढे टॅब आणि नोटेशन कोडमध्ये लिहा, आणि दुसऱ्याला देताना त्याची मूळ फाइल द्या. कोड म्हटल्यावर दचकू नका. इथे कोड म्हणजे साध्या मजकुराची फाइल: सुराचं अक्षर, त्याच्या लांबीचा आकडा, थोडी विरामचिन्हं. ती फाइल एका प्रोग्रॅमला दिली की तो छापील पुस्तकासारखं पान काढून देतो, खाली टॅब, वर शीट म्युझिक. फोनवर मराठी टाइप करायला शिकलेल्या माणसाला हे जड जाऊ नये.

आधी टॅबबद्दल दोन शब्द, कारण ती आजकालच्या पोरांची पळवाट आहे असं काही जुन्या शिक्षकांना वाटतं. तसं नाही. १५०७ साली व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुची या मुद्रकाने फ्रांचेस्को स्पिनाचिनोचं ल्यूट या वाद्याचं पुस्तक छापलं, ते टॅबमध्येच होतं. सहा रेघा, रेघेवर पडद्याचा आकडा. म्हणजे पद्धत पाचशे वर्षांहून जुनी आहे. पण त्या छपाईत आकड्यांच्या वर दांड्यांच्या खुणा असत, आणि कुठला सूर किती वेळ धरायचा ते त्यावरून कळत असे. १९९० च्या दशकात इंटरनेटवर डॅश टाइप करून टॅब पसरू लागली तेव्हा नेमक्या या खुणा गळाल्या. उरलं ते फक्त बोट कुठे ठेवायचं. नुसत्या आकड्यांची टॅब म्हणजे रिक्षावाल्याला "डावीकडे, मग उजवीकडे, मग परत डावीकडे" एवढंच सांगून गप्प बसणं. वळायचं कुठल्या चौकात ते त्याने ओळखायचं. गाणं आधीपासून कानात असेल तर भागतं. नसेल तर काहीच भागत नाही. म्हणून विद्यार्थी यूट्यूब आणि टॅब शेजारी शेजारी ठेवून बसतात, आणि लय शेवटपर्यंत अंदाजाचीच राहते.

कोडमध्ये लिहिताना लय टाळता येत नाही. मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

यासाठी मी लिलीपाँड सुचवतो. यान नीउवेनहाउझेन आणि हान-वेन नीनहाउस या दोन डच माणसांनी १९९६ मध्ये हे काम सुरू केलं. संगणकावरची नोटेशन यांत्रिक आणि निर्जीव दिसते, जुन्या हाताने कोरलेल्या छपाईचा डौल तिला नाही, ही त्यांची तक्रार होती. प्रोग्रॅम फुकट आहे, विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवर चालतो. सोबत फ्रेस्कोबाल्डी नावाचा संपादक घ्या, तोही फुकट. त्यात एका बाजूला मजकूर, दुसऱ्या बाजूला तयार पान दिसतं.

आता प्रत्यक्ष एक बार लिहून बघू. ए मायनर कॉर्ड धरायचा आणि तारा एकेक करून छेडायच्या, पाचवीपासून पहिलीपर्यंत चढायचं आणि परत उतरायचं. क्लासच्या पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यांनी केलेला प्रकार. लिलीपाँडमध्ये त्याची ओळ अशी होते (अक्षरं अर्थातच इंग्रजी बारीक लिपीत टाइप करायची):

ए,८ ई ए सी' ई' सी' ए ई |

बस, एवढंच. पहिल्या सुरापुढचा ८ म्हणजे एकअष्टमांश सूर. पुढच्यांना वेगळा आकडा दिला नाही तर तोच लागू राहतो. अक्षरामागचा स्वल्पविराम सूर एक सप्तक खाली नेतो, वरचं टिंबासारखं चिन्ह एक सप्तक वर. गिटारच्या सहा खुल्या तारा जाडीपासून बारकीपर्यंत याच भाषेत लिहिल्या तर ई, ए, डी जी बी ई' अशा होतात, त्यातल्या पहिल्या दोन अक्षरांना स्वल्पविराम लागतो आणि शेवटच्याला वरची खूण. हे एकदा हातात बसलं की निम्मं काम झालं. यात आकडे कुठेच नाहीत हे लक्षात आलं असेल. सुरांवरून टॅबचे आकडे प्रोग्रॅम काढतो: पाचवी तार खुली, चौथीवर दुसरा पडदा, तिसरीवर दुसरा, दुसरीवर पहिला, पहिली खुली. तीच ओळ वर शीट म्युझिकसाठी आणि खाली टॅबसाठी वापरायची, दोनदा लिहायची गरज नाही. ज्याला स्टाफ वाचता येतो तो वर बघेल, ज्याला येत नाही तो खाली, आणि महिनाभरात खालचाही हळूच वर डोकावू लागेल.

शेवटी जी उभी रेघ आहे तिला बारचेक म्हणतात. समजा, उतरताना शेवटचा ई लिहायचा राहिला. लिलीपाँड पान काढेल, पण सोबत सांगेलही की या ठिकाणी बार भरला नाही, सात अष्टमांशच झाले. फाइलमधली ओळ कितवी तेही सांगेल. वहीत लिहिलेल्या टॅबमधली अशी चूक कोण धरणार? शिक्षक धरतील, त्यांना त्या दिवशी वेळ असेल तर. म्हणून माझा आग्रह आहे की प्रत्येक बारच्या शेवटी ही रेघ टाकाच. आळस केलात तर दहाव्या बारमध्ये घसरलेली मात्रा चाळिसाव्या बारपर्यंत सगळं पुढेमागे ढकलेल आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल.

आणखी एक खाचखळगा. गिटारचं शीट म्युझिक प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक सप्तक वर लिहायची प्रथा आहे. लिलीपाँडमध्ये त्यासाठी खाली आठचा छोटा आकडा असलेली क्लेफ निवडायची आणि सूर खऱ्या आवाजाचे लिहायचे. साधी ट्रेबल क्लेफ ठेवलीत तर पानभर खाली लोंबणाऱ्या रेघा दिसतील.

आता खरी गंमत. पियानोवर एक सूर एकाच जागी असतो, गिटारवर तसं नाही. संगणकाला सूर कळवायच्या मिडी या पद्धतीत प्रत्येक सुराला क्रमांक असतो. मधला सी ६०, आणि गिटारच्या खुल्या तारा ४०, ४५, ५०, ५५, ५९, ६४. पहिल्या खुल्या तारेचा ई म्हणजे ६४. तोच सूर दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर आहे, तिसरीच्या नवव्या, चौथीच्या चौदाव्या, पाचवीच्या एकोणिसाव्या, आणि गिटारला चोवीस पडदे असतील तर सहावीच्या चोविसाव्यावरही. हे काढायला फक्त वजाबाकी लागते: सुराच्या क्रमांकातून खुल्या तारेचा क्रमांक वजा करा, उत्तर शून्यापासून गिटारच्या शेवटच्या पडद्यापर्यंत आलं तर ती जागा चालेल. नववीतल्या मुलाला पायथनमध्ये हा प्रोग्रॅम दहा ओळींत लिहिता येतो, आणि शाळेच्या संगणक प्रकल्पासाठी मुलं विषय शोधत असतात तेव्हा मी हाच सुचवेन.

जागा काढणं सोपं, निवडणं अवघड. लिलीपाँड साधारणपणे सर्वांत खालचा पडदा निवडतो. सुरुवातीच्या धड्यांना ते ठीक आहे. पण हात सातव्या पडद्यापाशी असताना मध्येच एक ई आला आणि प्रोग्रॅमने पहिली खुली तार लिहिली, तर वाजवायला सोपं असलं तरी आवाज वेगळाच येतो. बाकीचे सूर दाबलेले, गोल, आणि हा एकटा खणखणीत. तिथे तुम्ही सुरापुढे तारेचा क्रमांक लिहायचा, म्हणजे प्रोग्रॅम ऐकतो. हात कमीत कमी हलावा अशा जागांची साखळी गणिताने शोधता येते. समीर सायेघ या संशोधकाने १९८९ मध्येच तंतुवाद्यांच्या बोटांसाठी ही रीत मांडली होती. तरी शेवटचा शब्द बोटांचा. कोडने काढलेली टॅब एकदा वाजवून बघितल्याशिवाय कुणाला देऊ नका.

आपल्याकडच्या लोकांना यात एक जास्तीचा फायदा आहे, आणि तो कुणी घेत नाही. आपण पट्टीत विचार करतो. भजनी मंडळात, सुगम संगीताच्या क्लासमध्ये गायक "काळी एक" म्हणतो, गायिका "काळी चार" म्हणते, आणि साथीला बसलेला गिटारवाला कॅपो शोधू लागतो. सरगम ही मुळातच सापेक्ष आहे आणि पंडित विष्णु नारायण भातखंड्यांची स्वरलिपी तर मजकूरच आहे: अक्षरं, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब, कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. हे संगणकाला द्यायला काय लागतं? सा शून्य, कोमल रे एक, शुद्ध रे दोन, असं करत शुद्ध नी अकरा. त्यात पट्टीचा क्रमांक मिळवायचा.

भूप घेऊ. सा रे ग प ध आणि वरचा सा म्हणजे ०, २, ४, ७, ९, १२. पट्टी काळी एक, गिटारवर खालचा सा ४९. बेरीज केली की ४९, ५१, ५३, ५६, ५८, ६१. आता जागा: पाचवीचा चौथा पडदा, चौथीचा पहिला, चौथीचा तिसरा, तिसरीचा पहिला, तिसरीचा तिसरा, दुसरीचा दुसरा. चारही बोटं आपापल्या पडद्यावर, हात जागचा हलत नाही. काळी एक गिटारला अवघड, असं सर्रास म्हणतात; कॉर्ड धरायला ती अवघड आहे हे खरं, पण आरोहाला अजिबात नाही. हीच रचना काळी चारमध्ये हवी असेल तर एक आकडा बदलायचा आणि पान पुन्हा काढायचं. मात्र डोळे झाकून बदलू नका. पट्टी खाली नेताना एखादा सूर सहाव्या खुल्या तारेच्याही खाली गेला तर तो गिटारवर नाहीच. लिलीपाँड तिथे तार सापडत नसल्याचं सांगतो. ते वाक्य वाचा, त्याच्यावर वैतागू नका.

मींड, आंदोलन, कणस्वर यांचं काय, असं कुणी विचारेल. बेंड आणि स्लाइडच्या खुणा कोडमध्ये आहेत, पण दरबारीतला गंधार कुठल्याही कागदावर पुरता उतरत नाही, भातखंड्यांच्याही नाही. तिथे गुरूसमोर बसा. कोड रचनेचा सांगाडा सांभाळतो आणि तेवढ्याचाच मी आग्रह धरतोय.

सरावाच्या ट्रॅकबद्दलही सांगायला हवं. लिलीपाँडच्या फाइलमध्ये मिडीची एक ओळ घातली की छापील पानाबरोबर ऐकायची फाइलही निघते. मिडी १९८३ पासून आहे, आणि त्यात आवाज नसतो, कुठला सूर कधी सुरू, कधी बंद, किती जोरात, एवढ्या सूचना असतात. म्हणून ती फाइल ऐकायला रुक्ष लागते. कुणाला ऐकवून शाबासकी मिळवायची वस्तू ती नाही. पण घरी रियाजाला तिच्यासारखं दुसरं काही नाही. लयीचा आकडा ९० ऐवजी ५० केला की सूर न घसरता सगळं सावकाश वाजतं. दोन गिटार आणि बास अशी रचना असेल तर प्रत्येकाचा भाग वेगळा लिहा, मग ज्याला जे वाजवायचं तो भाग गाळून बाकीचा ट्रॅक काढा. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाची तालीम असते, बासवाला ऑफिसातून नऊला येतो, तोवर बाकीच्यांनी काय करायचं? त्याचा ट्रॅक लावायचा.

टाइप करणं ज्यांच्या जीवावर येतं त्यांनी म्यूजस्कोर घ्यावं. तेही फुकट आहे, माउसने सूर ठेवता येतात. फक्त काम झालं की फाइल म्यूझिक-एक्सएमएल प्रकारातही साठवा, म्हणजे ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडेल. गिटार प्रोच्या जुन्या फाइली पडून असतील तर टक्सगिटारमध्ये उघडून त्याही याच प्रकारात काढून ठेवा. साध्या एकेरी धुनेला एबीसी नोटेशन पुरतं. ख्रिस वॉलशॉ यांनी ते लोकसंगीतासाठी बनवलं, आणि ते एवढं सुटसुटीत आहे की लोकलमध्ये उभ्या उभ्या फोनवर लिहून होतं. संकेतस्थळावर टॅब दाखवायची असेल तर प्रोग्रॅमर मंडळींना वेक्सफ्लो आणि अल्फाटॅब माहीत असतीलच.

आता थोडं कडू. आपल्याला जे गाणं आवडतं ते बहुधा आपलं नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतरचनेचं रूपांतर म्हणजे तिची नव्याने केलेली मांडणी किंवा लिप्यंतर हेही धरलेलं आहे, आणि तो हक्क मालकाचा आहे. संरक्षण रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण श्रीनिवास खळ्यांनी त्यांना लावलेली चाल त्यांच्या २०११ मधल्या निधनानंतर ६० वर्षं संरक्षित आहे. घरच्या सरावासाठी स्वतः लिहून ठेवलंत तर कायद्यात वैयक्तिक वापराला वाव आहे. ते पान छापून विकणं किंवा इंटरनेटवर टाकणं ही वेगळी गोष्ट, त्याला परवानगी लागते. "सगळेच टाकतात" हे उत्तर नव्हे.

म्हणून सुरुवात मोकळ्या संगीतापासून करा. कारुल्ली (१७७०–१८४१), सोर (१७७८–१८३९), कार्कासी, तार्रेगा (१८५२–१९०९) यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या छोट्या रचना आजही गिटार शिकवायला वापरतात, आणि म्यूटोपिया या प्रकल्पात अशा कितीतरी रचनांच्या लिलीपाँड फाइली मुळातून वाचायला मिळतात. दुसऱ्याची नीट लिहिलेली फाइल वाचणं हा शिकायचा सर्वांत जवळचा रस्ता आहे.

गोव्यातल्या वाचकांना एक वेगळी विनंती. चर्चच्या शाळांतून तिथल्या पिढ्या स्टाफ वाचायला शिकल्या. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात तीच विद्या घेऊन आले आणि वादकांसाठी पानंच्या पानं हाताने लिहीत राहिले. घरात आजोबांच्या ट्रंकेत अशी हस्तलिखितं असतील, जुन्या मांडोंच्या वह्या असतील, तर कागद कुरतडला जाण्याआधी त्यातलं काही कोडमध्ये उतरवा. फोटोही काढा, जरूर काढा, तो पुरावा आहे. पण फोटोवरून उद्या कुणाला व्हायोलिनचा भाग वेगळा काढता येणार नाही, मजकुरावरून येईल. मालकीचा प्रश्न आधी घरच्यांशी बोलून घ्या.

आणि दृष्टिहीन वादक. त्यांच्यासाठी टॅबचा फोटो म्हणजे कोरा कागद. मजकुराची फाइल स्क्रीनरीडर अक्षरशः वाचून दाखवतो, ती ते स्वतः लिहूही शकतात, आणि म्यूझिक-एक्सएमएलवरून ब्रेल स्वरलिपी काढणारी साधनं आहेत. तुमच्या क्लासमध्ये आज असं कुणी नसेल. कदाचित फोटोंवर चालणाऱ्या क्लासमध्ये त्यांनी पाऊलच टाकलं नसेल.

शिक्षकांनी एवढं करावं: पुढच्या बॅचला जी पहिली रचना द्याल तिच्या फक्त आठ बारची फाइल स्वतः लिहा. पुढचे आठ विद्यार्थ्यांना वाटून द्या, एकेकाला दोन बार. जो लिहील त्याला मात्रा मोजाव्याच लागतील, त्यामुळे तालाचा वेगळा तास घ्यावा लागणार नाही. कुणी चूक काढली तर दुरुस्ती मूळ फाइलमध्ये करा आणि पान नव्याने काढा.

फाइलीच्या डोक्यावर पाच गोष्टी लिहून ठेवा: रचनेचं नाव, कुणाची, तारा कशा लावल्यात, कॅपो कितव्या पडद्यावर, लय किती. टक्केवारीचं चिन्ह टाकून पुढे लिहिलेलं लिलीपाँड छापत नाही, तिथे मराठीतही टिपणं ठेवता येतात. आणि सर्वांत वरच्या ओळीत लिलीपाँडची आवृत्ती नमूद करायला विसरू नका. ही भाषा दर काही वर्षांनी थोडी बदलते. आवृत्तीचा आकडा असेल तर सोबत येणारा कन्व्हर्ट-एलवाय हा प्रोग्रॅम जुनी फाइल बहुतेक आपोआप नव्यात आणतो, आणि नसेल तर कुठून सुरुवात करायची हे त्याला कळत नाही.